तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते अढीतल्या आंब्यांसारखे असतात. पेंढ्यात घालून माणूस विसरून जातो, आणि एक दिवस दार उघडलं की घरभर वास सुटलेला असतो. आमच्या टोळीत अशी अढी कायम लागलेली. सीझनला दुपारची भाकरी खाऊन कलमाखाली जरा आडवं झालं की कोणीतरी एक काढतो, आणि मग ते थांबत नाही.

पण आधीच सांगून ठेवतो, आमचे सगळे किस्से भीतीचे आहेत. कोण कधी, कशाला आणि किती घाबरला एवढाच विषय. पराक्रम ऐकायचा असेल तर दुसरी टोळी बघा.

टोळी म्हणजे हापूस काढणारी. हातखंब्याहून आत वळून चढ चढलं की आमचा सडा लागतो, सगळा उघडा कातळ, आणि त्याच्या उतारावर कलमांची बाग. गणपतदादा टोळीचा मुकादम. मिशी वाघाची, काळीज सशाचं. दिन्या झाडावर चढणारा, तोंडाने फटकळ. सुलभाकाकी खाली बसून आंबा निवडते आणि पेट्या भरते. मी टेम्पो चालवतो, म्हणून मला सगळे डायवर म्हणतात. टेम्पो बागेपर्यंत येत नाही, खाली रस्त्याला उभा राहतो, तिथपर्यंत पेट्या डोक्यावरून पाखाडीने उतरवायच्या. चिऱ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गर्द झाडी. मी स्वतः भीत नाही. मी सावध असतो, त्यात फरक आहे.

आणि पाचवा निखिल. सुलभाकाकीचा एकुलता एक. वडील तो शाळेत असतानाच गेले, मग मायलेक दोघंच. आता गावाच्या फाट्यावर त्याच्या नावाची कमान आहे. वर फोटो, वर्दीतला, छाती पुढे काढलेली, आणि खाली ‘शहीद जवान’. परगावचा माणूस थांबून फोटो बघतो आणि म्हणतो, काय निधड्या छातीचा पोरगा असेल! तेव्हा आम्ही टोळीतले एकमेकांकडे बघतो. कारण त्याच्याइतका भित्रा पोरगा आम्ही अख्ख्या पंचक्रोशीत पाहिलेला नाही. हे मी त्याच्या माघारी बोलत नाहीये. तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

*

आमच्याकडे एक नियम आहे. बागेत, रायीत, सड्यावर, भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला कोणी तुमच्या नावाने हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली हाक कोणाचीही असू शकते. दुसरीसुद्धा. तिसरी मात्र जितं माणूसच मारतं. त्यांना तिसरी जमत नाही. ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे विचारायचं नाही.

काकी हा नियम उपासासारखा पाळायची. तिच्या दारात उभं राहून तुम्ही दोनदा हाक मारलीत आणि परत गेलात, तर चूक तुमची. शहरातले लोक हसतात. आमचा पोस्टमन हसत नाही, तो वाडीत शिरला की एका दमात तीनदा ओरडून मोकळा होतो.

तर एकदा भर दुपारी निखिल बागेच्या पार टोकाच्या कलमावर चढला होता. तेव्हा तो कॉलेज सोडून नुकताच आमच्यात आला होता. आम्ही भाकरी सोडत होतो. तेवढ्यात तिकडून हाक आली, “दादाऽ!”

गणपतदादाचा हात भाकरीवरच थांबला. ओ कोणी दिली नाही. थोड्या वेळाने पुन्हा, “दादाऽ!” आणि मग काही नाही.

आम्ही तिसरीची वाट बघत बसलो. तिसरी येईना. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. दिन्या पुटपुटला की बरोबर बारा वाजलेत. दादाने डोळे मिटून गावदेवीला नारळ बोलला. मी सावधपणे टोपी कानांवर ओढली. काकी तेवढी उठून उभी राहिली. पोरगा तिचा, आवाज त्याच्यासारखा, पण नियम मोडायची तिचीही छाती होईना. तोंडाला पदर लावून ती त्या झाडाकडे नुसती बघत राहिली.

मग पाला तुडवत काहीतरी आमच्याकडे धावत आलं. लालबुंद, सुजलेलं, नाचणारं. दादा भाकरी टाकून पळायच्या बेतात होता, तेवढ्यात ते ‘आये’ म्हणालं. निखिलच होता. वर लाल मुंग्यांचं घरटं फुटून अंगभर मुंग्या चढल्या होत्या.

“मेल्या, तिसरी हाक का नाय मारलीस?” दादा कावला.

“मारणार व्हतो,” निखिल सुजलेल्या तोंडाने म्हणाला. “पण मुंगी ओठावर आली. तोंड उघडायचं भ्या वाटलं.”

*

संध्याकाळी पाखाडीने उतरताना आमची एक रांग असायची. दादा पुढे, मग दिन्या, मग निखिल, मग काकी आणि शेवटी मी. निखिलने पहिल्याच दिवशी अट घातली होती, त्याला मधली जागा हवी. पुढे माणूस हवं, मागे माणूस हवं. पुढच्याला समोरचं दिसतं आणि मागच्याच्या पाठीला कोणी नसतं, दोन्ही त्याला नको होतं. दिन्या त्याला बायको म्हणून चिडवायचा. तो चिडायचा नाही. “असू दे, मना भ्या वाटतंय,” म्हणायचा, आणि मधे घुसायचा.

एका संध्याकाळी उतरता उतरता डाव्या हाताच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. आठवड्यापूर्वीच खालच्या वाडीतला कुत्रा बिबट्याने नेला होता. सगळे जागच्या जागी उभे. डोक्यावर आंब्याच्या पेट्या. जाळी पुन्हा हलली, आणि आत कोणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला.

पळावं असं प्रत्येकाला वाटत होतं. पण पहिला कोण पळणार? दादा मुकादम, त्याची मिशी. दिन्या जन्मभर दुसऱ्याला भित्रा म्हणत आलेला. मी सावध. प्रत्येकाचे पाय अब्रूने बांधलेले. मला वाटतं, बिबट्याने येऊन एकेकाला खाल्लं असतं तरी आम्ही रांग मोडली नसती.

तेव्हा निखिल मोठ्याने म्हणाला, “मी भ्यालोय हां. कोणाला पळायचं असेल तर माझ्या नावावर पळा.”

काय सुटलो आम्ही! दादा चपला मागे टाकून, दिन्या पेटी घेऊन, काकी एका हाताने लुगडं आणि दुसऱ्याने पोराचं मनगट धरून. मी टेम्पोत बसून काचासुद्धा वर केल्या. पाठोपाठ जाळीतून कांबळ्यांचं वासरू लंगडत रस्त्यावर आलं आणि आमच्याकडे बघत उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाडीत बोभाटा झाला की निख्या वासराला भिऊन पळाला आणि त्याला सांभाळायला बिचारी टोळी मागे धावली. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. निखिलने काही खुलासा केला नाही. उलट दादाच्या चपला शोधून आणून दिल्या.

*

असा पोरगा एक दिवस म्हणाला की मी सैन्यात जातो. दिन्याला हसता हसता ठसका लागला. काकी हसली नाही. तिने आंबे निवडायचं थांबवलं आणि उठून विहिरीकडे निघून गेली.

मी त्याला कारण विचारलं. म्हणाला, घर गळतंय, आई किती वर्षं पेट्या भरणार, आणि गावातली सगळी पोरं मुंबईला गेली, तिथे एकटं राहायचं त्याला भ्या वाटतं. सैन्यात कसं, सगळे रांगेत असतात. मधली जागा मिळते!

मग तो मांडवीला धावायचा सराव करायला लागला. पेट्या पोचवून येताना मी त्याला किनाऱ्यावर सोडायचो. बाकीची पोरं पाण्याच्या कडेने धावायची, तिथली वाळू घट्ट असते, पाय उचलायला सोपं. हा वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून धावायचा, गुडघे दुखेपर्यंत. मला वाटलं काही खास ट्रेनिंग असेल. त्याला विचारलं तर म्हणाला, “डायवर, लाट कधी येईल सांगता येत नाय.”

तर समुद्राला भिऊन भिऊन त्याचे पाय असे तयार झाले की निवडीच्या धावण्यात तो सगळ्यांच्या पुढे आला. आल्यावर घाबरून मागे वळून बघत होता म्हणे, बाकीचे कुठे गेले म्हणून.

जायच्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. काकीने त्याच्या पिशवीत चटणी, पोह्याचे पापड आणि गावदेवीचा अंगारा भरला होता. गाडी हलली तेव्हा सगळ्यांच्या आया पोरांना सांगत होत्या, जप, पत्र पाठव, वेळेवर जेव. काकी खिडकीबरोबर चालत एवढंच म्हणाली, “तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नाय. कोणाला पण.”

*

हे त्याने फार मनावर घेतलं. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्यानेच सांगितलेला हा किस्सा.

त्याची नेमणूक वर डोंगरात झाली होती. उंच, थंड, झाड नावाला नाही. तिन्हीसांजेला वारा सुटला की दऱ्यांमधून नावं ऐकू येतात म्हणे. एका संध्याकाळी हा पहाऱ्यावर उभा असताना मागून हाक आली. याने वळूनही पाहिलं नाही. दुसरी आली. हा गप्प. तिसरी हाक अशी आली की डोंगर दणाणला. वळून बघतो तर हवालदारसाहेब, लाल झालेले. पहिल्या हाकेला उत्तर का नाही, म्हणून त्यांनी खडसावलं.

याने ताठ उभं राहून सांगितलं, “साहेब, तुम्ही जिवंत आहात याची खात्री करून घेत होतो.”

शिक्षा झाली ती झालीच. पाठीवर वजन घेऊन डोंगर चढायचा आणि उतरायचा. पण गंमत म्हणजे थोड्या दिवसांनी त्याच्या चौकीवरची सगळीच पोरं तिसऱ्या हाकेला ओ द्यायला लागली. कोणी बुलढाण्याचा, कोणी बिहारचा, कोणी केरळचा. कोकणात ज्यांनी पाऊल टाकलेलं नाही ती पोरं आमच्या सुलभाकाकीचा नियम पाळत होती. हवालदारसाहेबांचं काय, असं दिन्याने विचारलं. निखिल म्हणाला, ते आता तीनदा हाक मारूनच येतात.

आम्ही पोट धरून हसलो. त्याच सुट्टीत आम्ही शेडमध्ये पेट्या रचत होतो आणि दिन्याच्या हातून वरची पेटी निसटून पत्र्यावर आदळली. आवाज मोठा झाला. बघतो तर निखिल जागेवर नाही. तो टेबलाखाली पालथा पडला होता, दोन्ही हात डोक्यावर.

दिन्याने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, चिडवायला. पण निखिल बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा झाला होता आणि त्या दिवशी तो ‘मना भ्या वाटतंय’ म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. दिन्याने तोंड मिटलं. आजवर त्याची भीती ऐकून आम्हाला हसू यायचं. तो बोलला नाही तेव्हा आम्ही पहिल्यांदा घाबरलो.

*

मग सीझनमध्येच सीमेवर लढाई पेटली.

आता बागेत दुपारी किस्से निघेनात. दादा मोबाइलवर बातम्या बघायचा आणि काकी जवळ आली की बंद करायचा. आंबा तर थांबत नाही. तो झाडावर तयार होतोच, काढावाच लागतो. आम्ही काढत होतो.

काकीला फोनचं भय बसलं होतं. तिकडून फोन दर वेळी वेगळ्याच नंबरवरून यायचा. निखिलचा असेल की दुसरं काही सांगणाऱ्याचा असेल, कसं ओळखणार? तेव्हा निखिलनेच तोड काढली. त्याने सांगितलं, “आये, मी एकदा वाजवीन आणि बंद करीन. दुसऱ्यांदा वाजवीन आणि बंद करीन. तिसऱ्यांदा वाजला की उचल. तो मीच. जिताजागता.”

बागेत रेंज एकाच जागी मिळते, सड्याच्या कडेच्या कलमापाशी. तिथल्या फांदीला काकी फोन पिशवीत घालून टांगायची आणि खाली आंबे निवडत बसायची. आमचीही कामं त्या झाडाभोवतीच सरकली. लांबची कलमं राहिली तशीच. गणपतदादासारखा मुकादम, तोही त्याच झाडाशी काम काढायचा.

फोन वाजला की सगळे थांबायचे. आंबा उतरवायच्या काठीच्या जाळीत, झेल्यात, आंबा असेल तर झेला हवेत तसाच. पहिली रिंग, बंद. दुसरी, बंद. मग मधला तो वेळ. त्या वेळात, मी लाजत नाही सांगायला, मी देवाचं नाव घ्यायचो. मग तिसरी वाजायची. काकी पिशवीतून फोन काढायची आणि म्हणायची, “जेवलास?” बाकी काही विचारायची नाही. फोन ठेवल्यावर दादा उगाच मोठ्याने ओरडायचा की कामं सोडून काय बसून राहिलात!

एकदा कर्ज विकणाऱ्या कुठल्यातरी मुलीने लागोपाठ तीन वेळा फोन लावला. काकीने उचलून “जेवलास?” विचारलं. पलीकडून ती मुलगी आपलं पाठ केलेलं बोलायला लागली, मग अडखळली. काकी तिलाच म्हणाली, “बरं, तू जेवलीस का गो?” ती मुलगी पलीकडे रडायला लागली म्हणे. दोघी बराच वेळ बोलत होत्या. कर्जाचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

ती दुपार मात्र मला सगळी आठवते. ऊन पांढरं पडलं होतं. दिन्या त्याच कलमावर, मी आणि दादा खाली, काकी आंब्यांचे देठ पुसत बसलेली.

फोन वाजला. बंद झाला.

काकीने फडकं बाजूला ठेवलं. आम्ही थांबलो. पुन्हा वाजला. बंद झाला.

ती उठली. लुगड्याला हात पुसत झाडाखाली जाऊन उभी राहिली, पिशवीकडे बघत. आम्हीही पिशवीकडे बघत होतो. मधला तो वेळ सुरू झाला. तो संपेना.

वर दिन्याने झेला धरलेला हात बदलला, पान वाजलं, आणि आम्ही सगळे दचकलो. दादा म्हणाला की रेंज गेली असेल. मी जाऊन बघितलं, रेंज होती. कोणाच्या डोक्यात मुंगीचा किस्सा आला असेल तर तो बोलला नाही. माझ्या आला होता. मला वाटत होतं, त्याच्या ओठावर मुंगी आली असेल, नुसती मुंगी. आता पाला तुडवत येईल.

ऊन उतरलं तरी काकी तिथेच उभी होती. कोणी बस म्हणालं नाही. मग खालून पाखाडीने माणसं वर येताना दिसली. पुढे सरपंच, त्यांच्यामागे वर्दीतले दोघं. सरपंचांनी टोपी हातात घेतली होती. आमच्यात कोणी पळालं नाही. पळायला नाव देणारा नव्हता.

*

पुढचं सगळं लोकांनी पाहिलं आहे. तिरंगा, गर्दी, बंदुकांची सलामी. ते माझ्याच्याने सांगवत नाही.

पावसाळा सरल्यावर एक पोरगा काकीला भेटायला आला. बुलढाण्याकडचा, अमोल नाव, निखिलच्याच चौकीवरचा. दंडाला अजून पट्टी होती. काकी सड्यावर गवत कापत होती, म्हणून मीच त्याला वर घेऊन गेलो. दादा आणि दिन्याही आले. पोरगा काकीच्या पाया पडला आणि मान वर करीना.

त्याने सांगितलं की त्या दुपारी फोनवर निखिलच होता. एकदा वाजवून बंद केला, दुसऱ्यांदा वाजवून बंद केला, आणि तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात तोफांचा मारा सुरू झाला. चौकीच्या भिंतीला पहिला गोळा लागला. बंकर मागेच होता, पण मधलं अंगण उघडं. ते सगळे भिंतीला टेकून उभे राहिले ते हलेचनात. पण कोणी कोणाला म्हणेना की पळू या.

“मग निखिल ओरडला,” अमोल म्हणाला. “मी भ्यालोय. कोणाला पळायचं असेल तर माझ्या नावावर पळा.”

ते पळाले. सगळे बंकरमध्ये पोचले. निखिल मागून येत होता, सगळ्यांच्या मागे.

दिन्या उठून कलमाच्या पलीकडे गेला. दादाने मिशीवरून हात फिरवला आणि तो हात तसाच तोंडावर ठेवला. मला इतका राग आला निखिलचा! त्याला मधली जागा हवी असायची ना? मग मागे कशाला थांबला? जन्मभर भिऊन तेवढ्याच वेळी भ्यायचं विसरला की काय?

काकी रडली नाही. तिने एकच गोष्ट विचारली. “फोनवरच्या दोन्ही हाका त्याच्याच?”

“हो, काकी. तिसरी लावतच होता.”

“म्हंजे तिसरी राह्यली,” काकी म्हणाली, आणि तिने पुन्हा विळा उचलला.

*

यंदा पुन्हा सीझन लागला. काकी बागेत येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी बघतो तर ती आमच्याआधी येऊन बसलेली. फोनची पिशवी तिने त्याच फांदीला टांगली. आता त्यावर फोन कोण कशाला करणार! वाजला की अजून सगळे थांबतात, आणि दुसरी वाजून तिसरी नाही वाजली की काकी उरलेला दिवस कोणाशी बोलत नाही. या गोष्टीची आम्हाला फार भीती वाटायची. माणूस एका हाकेसाठी अडून राहिलं तर पुढे कसं जाणार?

परवाची गोष्ट. उशीर झाला होता, पण उजेड होता अजून. आम्ही पाखाडीने उतरत होतो. दादा पुढे, मग दिन्या, मग एका माणसाची जागा, मग काकी आणि शेवटी मी. ती मधली जागा कोणी ठरवून सोडत नाही. पाय आपोआप तेवढं अंतर ठेवतात.

वारा पडलेला होता. करवंदीच्या जाळीशी आलो आणि मागून, सड्याच्या बाजूने, हाक आली.

“आयेऽ!”

रांग थांबली. माझ्या पाठीमागे कोणी नव्हतं. सड्यावरही कोणी नव्हतं, शेडचं दार मीच ओढून घेतलं होतं. आणि आमच्या वाडीत काकीला आये म्हणणारं दुसरं कोणी नाही. माझ्या डोक्यावरची पेटी हलायला लागली, तेव्हा कळलं की मीच कापतोय. पुढे दादा गावदेवीचं नाव घेत होता. वळून कोणी बघेना, पळायचीही कोणाची ताकद नव्हती.

काकीने डोक्यावरची पेटी उतरवून पायरीवर ठेवली.

दिन्याने न वळताच, घशातल्या घशात सांगितलं, “काकी, ओ देऊ नका. पहिलीच हाक हाय.”

“पहिली कुठं?” काकी म्हणाली. “दोन मागंच झाल्यात.”

आणि सड्याकडे तोंड करून तिने ओ दिली.